यादीत नसलेली डांगी

२०२४ साल, ज्येष्ठ महिना, पेरणीचे दिवस. आमच्या गावच्या बियाण्याच्या कोठीत कॉम्प्युटर बसला. गाव शहापूर तालुक्याच्या टोकाला; ओढा ओलांडला की मुरबाड तालुका. तेव्हापासून किस्से एवढे साचले, की टपरीवर चहा येण्याआधी एखादा सांगून होतो! मी चौथी शिकलोय. पाहिलं तेवढंच सांगतो.

कोठीचा नियम जुना. पेरणीला बियाणं न्यायचं, झोडणी झाली की त्याच जातीचं दीडपट परत घालायचं. न घालणाऱ्याचं नाव सभेत वाचतात आणि पुढच्या साली त्याला दाणा मिळत नाही. माझं नाव आजवर कुणी वाचलेलं नव्हतं.

*

पहिल्याच दिवशी कोठी सांभाळणाऱ्या काशीवहिनीने माझ्या शेजारच्या धर्माला पाडा विचारला. पडद्यावर दाबलं की यादी खाली लोंबते, त्यातून निवडायचं. धर्मा सांगून सांगून थकला. यादीत पाडाच नाही!

"नाय कसा? कुणी उचलला काय?"

वहिनीचा बाजार मुरबाडचा, म्हणून तिने तालुकाही मुरबाडच धरला होता. वर शहापूर केलं, तशी खालची पाड्यांची यादी आपोआप बदलली. आम्ही थक्क! धर्मा मात्र उठून दारात गेला आणि टेकाडाकडे बघून आला.

"हायत. घरं हायत!"

*

कॉम्प्युटरमधला हा प्रोग्रॅम लिहिला धर्माच्याच मुलीने, सुगंधाने. ती वाशिंदला कंपनीत आहे, रविवारी घरी येते. तिने एक सोय ठेवली होती. भाताची जात यादीत नसली तर नाव टाइप करायचं. पुढच्या वेळी ते यादीत आपोआप दिसणार.

रविवारी तिने यादी उघडली आणि कपाळाला हात लावला. झिनी, कोलम, आणि त्याखाली 'मामाकडचं', 'मागल्या सालचं', 'तेच ते'!

"काकी, 'तेच ते' ही कुठली जात?"

"तुझ्या बापाला इचार गो! त्यानंच सांगितली."

सुगंधाने टाइप करायची सोय बंद केली.

*

मग तिने आणखी एक दाखवलं. जात निवडून बटण दाबलं, की ती कुणी कुणी नेली त्यांची नावं येतात. धर्माने ऐटीत झिनी निवडली. त्याचं नाव आलं. त्याखाली त्याच्या बायकोचं, पार्वतीचं!

"एका चुलीला दोनदा बियाणं?" धर्मा ओरडला.

"माझ्या भावाच्या शेताला नेलंय," पार्वती दारातूनच म्हणाली. "तुमाला इचारलं असतं तर नेऊ दिलं असतं?"

कोठीत कुणी हसायलाही धजेना.

"सुगंधा, बंद कर ती मशीन!" धर्मा म्हणाला.

*

झोडणी झाली. मी लाल डांगी भाताची गोणी घेऊन कोठीत गेलो. पेरणीला कणगीतली शेवटची डांगी मीच नेली होती.

वहिनीने यादी वरखाली केली. "नाना, डांगी नाय."

"मग मी काय आणलंय?"

"मशीनला अशी जातच ठावं नाय. झिनी म्हणून घालू?"

"डांगी नेली. डांगीच घालीन."

गोणी तिथेच ठेवली. संध्याकाळी सभा झाली. न घालणाऱ्यांची नावं मशीनकडे मागितली. एकच आलं. माझं!

"नाना, तुमी?" धर्मा म्हणाला. त्याने थट्टा केली नाही. तेच जास्त लागलं.

मी सुगंधाला फोन केला.

"रविवारी येते, नाना."

"उद्या ये."

दुसऱ्या दिवशी ती खर्डीला उतरून रिक्षाने आली. पडद्याकडे बघितलं आणि तिचं तोंड उतरलं.

"नाना, कोठीत शिल्लक असेल तेवढंच यादीत दिसावं, असं मी लिहिलं. नेताना ते बरोबर. परत घालतानाही मी तीच यादी लावली."

"म्हणजे शेवटचं नेईल तो बुडवा?"

"हो, नाना."

काशीवहिनी माझ्या गोणीजवळ गेली. "अगो बाय! आणि मी यांना झिनी म्हणून घाला म्हणत होते!"

सुगंधाने काही ओळी बदलल्या. नेताना कोठीत आहे ते दिसेल. परत घालताना बाहेर गेलंय ते दिसेल. मग वहिनीला म्हणाली, "काकी, आता दाबा."

वहिनीने दाबलं. यादीत डांगी आली.

गोणी मापली. दीडपट भरली. कणगीत ओतली.