चौथ्या लेव्हलची पंगत

माझ्या आतेबहिणीला, म्हणजे आमच्या ताईला, मी बऱ्याच गोष्टींसाठी मानते, पण सगळ्यात जास्त मानते ती तिने चालवलेल्या खेळासाठी. आठवडाभर सरकारी कचेरीत फायली उपसायच्या आणि रविवारी सकाळी गुहा, शापित किल्ले, बोलणारी झाडं. विद्यानगरमधल्या तिच्या जेवणाच्या टेबलावर हे प्रकरण सुरू झालं. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, ताईने गोष्ट पुढे न्यायची, आणि आपण मारलेली तलवार लागली की हुकली ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. फासा ती नेहमी सगळ्यांसमोर टाकायची. त्यात तिने कधी लबाडी केली नाही, नवऱ्यासाठीसुद्धा नाही.

खेळणारे आम्ही तिघं. मी वैदीण. माझ्यासारख्या चिडक्या बाईकडे जखमा भरून काढायचं काम यावं, याचं आमच्या घरी सगळ्यांना हसू येतं. भावजी, म्हणजे ताईचे यजमान, चोर. या माणसाने उभ्या जन्मात लाल सिग्नल मोडला नाही, पण खेळात देवळाची घंटासुद्धा सोडायचे नाहीत. तिसरी होती ताईच्या कचेरीतली मैत्रीण, मूळची राजमुंद्रीकडची. कचेरीत ती इतकं हळू बोलायची की शेजारच्या टेबलालाही ऐकू जाऊ नये. खेळात मात्र ढाल-तलवार घेऊन कायम सगळ्यांच्या पुढे.

मग वेगळ्या राज्याचं आंदोलन पेटलं. आज बंद, उद्या चक्का जाम. मी नल्लकुंट्यातून चालत पोचले असते, पण मैत्रीण लांब दिलसुखनगरहून यायची. तेव्हा ताईनेच खटपट करून सगळा खेळ कॉम्प्युटरवर नेला. नकाशा पडद्यावर, बोलणं कानातल्या हेडफोनवर, फासाही पडद्यावरच सगळ्यांना दिसेल असा पडायचा. चाळिशीच्या बाईने हे सगळं एकटीने शिकून घेतलं आणि वर आम्हालाही शिकवलं. मला तर माईक चालू करायला महिना लागला.

या खेळात राक्षस मारला, कोडं सोडवलं की अनुभवाचे गुण मिळतात. सोबत्यांसाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला तर ताई दुप्पट गुण द्यायची. पुरेसे गुण साठले की पात्र वरच्या लेव्हलला जातं, अंगात नवी ताकद येते. सगळीकडे जो तो आपापले गुण साठवतो आणि वर जातो म्हणे. आमच्या ताईने मात्र पहिल्याच दिवशी पंगतीचा कायदा लावला. सगळ्यांचं झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. ज्याचे गुण आधी पुरे होतील त्याने पान पुसून बसून राहायचं. असला नियम आमच्याच लोकांना सुचू शकतो.

पुढे राज्य वेगळं झालं. ताईच्या कचेरीत फायली, कपाटं, माणसं, सगळ्यांची विभागणी सुरू झाली, आणि त्यातलं बरंचसं काम तिच्याच टेबलावर येऊन पडलं. ही फाइल इकडे, ती तिकडे. कालपर्यंत एका डब्यात जेवणारी माणसं ‘तुम्ही’ आणि ‘आम्ही’ झाली होती. या दोघी तेवढ्या शेवटपर्यंत एकत्र जेवल्या. कचेरीत ताईला तेवढी एकच मैत्रीण होती. तिचं नाव पलीकडच्या राज्याच्या यादीत गेलं, आणि कचेरी हलली तशी म्हाताऱ्या आईला घेऊन ती विजयवाड्याच्या पार बाहेर कुठेतरी राहायला गेली. तिथे धड रेंज नव्हती. रविवार येत राहिले, मैत्रीण येईना.

ताई धरून आम्ही उरलेले तिघं खेळत राहिलो. माझे आणि भावजींचे चौथ्या लेव्हलचे गुण कधीच पुरे झाले होते, पण तिचे होईनात आणि नियम हलेना. समोर आलेला दोन तोंडांचा रेडा आमच्या तिसऱ्या लेव्हलच्या पात्रांना दर रविवारी तुडवून हाकलून लावायचा. ताई त्याला दुबळाही करेना. मी वैतागले. म्हटलं, "ताई, ती येतच नाही, तर आम्ही किती दिवस मार खायचा?"

भावजी म्हणाले, "कायकू घाई करते गं? चौथ्या लेव्हलला जाऊन काय बारात काढायची आहे?"

हे मैत्रिणीच्या कानावर गेलं. कसं गेलं ते मला ठाऊक आहे, भावजींच्या पोटात काही राहत नाही. तिने ताईला फोन केला. "मीरु मुंदुकु वेळ्ळंडि," तेलुगूत म्हणाली, तुम्ही पुढे व्हा. आणि मग आम्हा सगळ्यांच्या दखनीत, "मेरेकू मार डाल ना. मैं मरी तो तुम लोगां ऊपर जाते." पात्र मेलं की त्याचं पान उचललं जातं, मग बाकीचे उठायला मोकळे. ताईने ते मला जसंच्या तसं सांगितलं. पात्र गेलं की मैत्रीणही टेबलावरून उठणार, हे तिला कळत होतं. मलाही कळत होतं. तरी तिने मैत्रिणीला एवढंच सांगितलं होतं, "मी कुणाला मारत नाही. तू ये. फासा ठरवेल."

त्या रविवारी मैत्रीण गच्चीवर जाऊन बसली होती, तिथेच काय ती रेंज यायची. मागे कावळे ओरडत होते. आम्ही काही ठरवायच्या आत ती म्हणाली, "रेड्याच्या गुहेत मी एकटी जाते. तुम्ही मागच्या वाटेने निघा." आणि गेली.

तिची तलवार रेड्याच्या एका मानेत खोल गेली. मग रेड्याची पाळी आली. ताईने फासा टाकला. पडद्यावर वीस आला, याहून मोठा घाव या खेळात नाही. ताईने तो आकडा जसाच्या तसा वाचला. मैत्रीण कोसळली.

"हो गया," ती म्हणाली. अगदी समाधानाने म्हणाली, त्याचाच मला संताप आला.

पडलेल्या पात्रात थोडी धुगधुगी असते. माझ्याकडे जखम भरण्याचा एकच मंत्र उरला होता. मागच्या वाटेने न जाता माझी वैदीण धावत गुहेत शिरली.

"नक्को, मेरेकू छोड़ दो," मैत्रीण म्हणाली.

"गप पड," मी म्हटलं, आणि मंत्र वापरून तिची जखम भरली. भावजींनी पाठीमागून येऊन रेड्याच्या दुसऱ्या मानेत सुरी खुपसली. या वेळी त्यांचा फासा चांगला पडला आणि तो डोंगराएवढा रेडा एकदाचा आडवा झाला.

मैत्रीण रडत होती. मी जीव द्यायला निघाले होते, तुम्ही मध्ये का पडलात, असं काहीतरी म्हणत होती. ताई तिकडे गुणांची बेरीज करत होती. बेरीज तिने दोनदा तपासली.

"सोबत्यांसाठी जीव धोक्यात घातला, त्याचे दुप्पट," ती म्हणाली. "तुझे पुरे झाले. चौथी लेव्हल. सगळ्यांना."

मी डोळे पुसत होते, आणि कॅमेरा बंद आहे याचं मला बरं वाटत होतं. थोड्या वेळाने तिकडून अगदी हळू, कचेरीतल्या आवाजात, मैत्रिणीने विचारलं, "पुढच्या रविवारी किती वाजता?"

इतक्या वर्षांत आमची वेळ एकदाही बदलली नव्हती. तरी ताईने ती नीट, सावकाश सांगितली. "अकरा वाजता. आईंचं जेवण उरकून ये. आम्ही थांबतो."