बाबांनी फुलांच्या दरीत बांध घातला

आमच्या नवेगाव बांध गावात मे महिन्यात घरोघरी एकच विषय असतो, तलाव किती आटला. यंदा बाबा तलावाच्या पाळीवरून आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तिकडं हिमालयात उनाळाभर नद्या वाह्यतेत म्हणते. तो न आटनारा तलाव मले एकदा पाहाचा हाये." बर्फाच्या डोंगराला बाबा तलाव म्हणतात. आम्ही कोहळी, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणारे, दुसरं काही सुचतच नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे गुडघे अजून एखादा हंगाम साथ देतील, पुढचं काही खरं नाही. मला कुठला दम निघतोय! त्याच संध्याकाळी तिकिटं काढली.

धानाची रोवणी आटोपून ऑगस्टच्या शेवटी बाबा आणि मी निघालो. गोंदियाहून दिल्ली, मग हरिद्वार, मग जोशीमठपर्यंत अख्खा दिवस बस. या रस्त्यावर दरड कधी कोसळेल सांगता येत नाही, म्हणून हाताशी एक दिवस जास्तीचा ठेवा. मी ठेवला होता, तो दरडीतच गेला. मी बसमध्ये नखं खात बसले होते आणि बाबा खाली उतरून ड्रायव्हरला समजावत होते, "उपर से पानी को वाट देना पडता है जी, नाही तं मिट्टी येनारच."

गोविंदघाटहून पुलन्यापर्यंत जीप मिळते. भाडं ठरलेलं असतं, घासाघीस करू नका. पुढे मुक्कामाच्या घांघरियापर्यंत चढण, तीही चांगली दम काढणारी. खेचर करू म्हटलं तर बाबा म्हणाले, "जनावराले कायले तरास?" मग दर वळणावर बसले. घांघरियात गरम राजमा-चावल मिळाला. भाताचं शीत बोटांत चिरडून बाबा म्हणाले, "हा आपल्याकडचा नाही," आणि दोनदा वाढून घेतला.

फुलांची दरी हे राष्ट्रीय उद्यान आहे. गेटवर परवाना काढायचा, सकाळी शिरायचं, दुपार ढळायच्या आत बाहेर. मुक्काम नाही. दरीच्या टोकाला रताबनचं बर्फाचं शिखर आहे, पण ते ढगांच्या मर्जीवर. आमच्या हातात ही एकच सकाळ होती. "चला ना बाबा, ढग उतरतील!" माझं सारखं टुमणं. फुलं होती हो, निळी, पिवळी, गुलाबी, गुडघाभर. मी धड पाहिलीसुद्धा नाहीत.

एका वळणाच्या अलीकडे मी थोडी पुढे गेले होते. मागून आरडाओरडा ऐकू आला. वळून पाहते तर बाबांनी पँट वर खोचलेली, हात कोपरापर्यंत चिखलात. एक ओहोळ पायवाट कापत होता. शेताचा बांध फुटला की आमच्याकडे मुळासकट गवताचे थापे काढून खिंडारात दाबतात. बाबांनी तेच केलं होतं. थापे मात्र फुलांचे होते.

"अंकल, ये क्या किया? यहाँ एक फूल तोड़ना मना है, आपने ज़मीन उखाड़ दी!" वनरक्षकाचा चेहरा लाल झाला होता.

"पानी रास्ता खा रहा था, बाबू."

"रास्ता हम देखेंगे. आप बाहर चलिए."

मी हात जोडले, भांडले, रडायची तेवढी बाकी होते. तेवढ्यात वळणापलीकडून कोणीतरी ओरडलं, "खुल गया! रताबन खुल गया!" शिखरावरचे ढग हटले होते. वनरक्षक हळूच म्हणाला, "ठीक है, मोड़ तक दिखा लाइए. फिर सीधे बाहर."

बाबा तोवर खाली बसून एकेक थापा जिथला तिथे लावत होते. ते उठलेच नाहीत. "नाही जात."

"बाबा, तो हो म्हणून राहिला ना! काऊन असं करता?"

"आपल्या पाळीवर कोनी कुदळ मारली तं त्याले म्या मासोळ्या पाहाले नेतो का?" शेवटचा थापा दाबून त्यांनी ओहोळात हात धुतले आणि गेटकडे चालू लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण उतारावर त्यांचा गुडघा लचकला, तशी मुकाट्याने त्यांच्यामागे गेले.

परतीच्या गाडीत बाबा घोरत होते. मी दिल्लीपासून गोंदियापर्यंत टक्क जागी. जाणाऱ्यांना एवढंच सांगते, जा, नक्की जा, पण दरीसाठी दोन सकाळी ठेवा.

घरी आलो त्या दिवशी शेजारचे काका ओट्यावर येऊन बसले. "का जी, पाह्यला का तलाव?"

"तलाव नाही पाह्यला," बाबा म्हणाले, "राखनदार पाह्यला. लय कडक. तो हाये तोवर काही आटत नाही."

काका हसले, बाबाही हसले. मला नाही हसता आलं. अहो, ते वळण हाकेच्या अंतरावर होतं!