मुठीतलं पेन

वैशू, लाडकी भाची असलीस तरी कान इकडे कर आणि बोलणी खा. नोकरीच्या कागदांवर न वाचता सही करतेस ना?

काल शेजारची शालन भरदुपारी जिन्यात बसलेली दिसली, मुठीत ऑफिसचं पेन. “काकू, मला काढलं हो. राजीनाम्यावर सही घेतली.”

मी हबकलेच. तिला दिलेल्या प्रतीवर ‘स्वखुशीने’ छापलेलं! अठरा वर्षांनी बाईला घालवायचं, वर खुशीही तिचीच? त्या एका शब्दाने तिचा नोटिशीच्या पगाराचा हक्कच बुडवायला निघाले.

दुधाच्या पिशवीवरची तारीख तीनदा बघणारी शालन, साहेब डोक्यावर उभे म्हणून न वाचता सही करून आली. पेन ठेवायचंही भान राहिलं नाही. ती मूठ डोळ्यांपुढून जात नाही.

तुझ्यापुढे असा कागद आला तर सही न करता तो घेऊन इकडे ये. नाही आला तरी ये गं, लवकर.