कीबोर्डला हात कोणाचा लागला?

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, म्हणूनच हे किस्से साचले. चौथी शिकलेली बाई कॉम्प्युटर लॅब झाडते म्हटलं की बिघाड तिचाच! आमच्या चंद्रपूरच्या कॉलेजात हे ठरलेलंच होतं.

लॅबचे वीस कॉम्प्युटर नेटवरून गडचिरोली-नागपूर-पुण्याच्या कॉलेजांना जोडले, त्याला ग्रिड म्हणायचे. जंगलाचे सॅटेलाइट फोटो सगळ्यांचे सामाईक. ते तपासायचं काम तुकडे करून, ज्याचा कॉम्प्युटर रिकामा त्याच्यावर जायचं. कीबोर्डला बोट लागलं की पाहुणं काम अर्धवट टाकून निघून जायचं!

तपासणीला आलेल्या नागपूरच्या साहेबानं विचारलं, "ही ग्रिड म्हणजे काय?" सगळे प्राध्यापक वह्या चाळू लागले. मी झाडू टेकवून म्हटलं, "धान रोवण्याची इर्जिक, साहेब! ज्याले फुरसत, तो दुसऱ्याच्या बांधीत उतरते."

साहेबानं ते डायरीत लिहून घेतलं!

---

एकदा गडचिरोलीची नेटची लाईन बंद. तिथल्या कॉलेजानं फोटोंची सीडी एसटीच्या कंडक्टरजवळ दिली. आमची प्रोग्रामर रझिया म्हणाली, "बाई, आपली ग्रिड लाल गाडीनं आली!"

आमच्या हेडसरांनी, वनकर सरांनी, सीडी आधी कपाळाला लावली, मग मशीनमध्ये घातली.

---

मग रोज सकाळी वीसही मशीनवरची पाहुणी कामं अर्धवट पळून जाऊ लागली. रात्रभराची मेहनत पाण्यात!

वनकर सर कडाडले, "सुमनबाई, तुमच्या फडक्यानंच होते हे! कीबोर्ड पुसायचे नाई. अजून एकदा झालं तर घरी बसा."

पोरीची फी त्या पगारावर. मी फडकं खुंटीला टांगलं. पंधरा दिवसांत कीबोर्डवर बोटभर धूळ चढली.

कामं तरी पळतच!

"आता काऊन?" मी विचारलं. "धुळीनं बटण दाबलं का?"

---

रझियानं कामं पळाल्याच्या वेळांचं रेकॉर्ड काढलं. रोज साडेदहाला पहिलं मशीन, मग दुसरं, मग तिसरं... रांगेनं वीस.

दुसऱ्या दिवशी अकराला, कामं पुन्हा पळाल्यावर, सरांनी सगळ्यांना लॅबमध्ये बोलावलं. "बाईचा आज शेवटचा दिवस!"

मी दोन्ही हात वर केले. कोरडे, स्वच्छ!

"पाहा सारे! हरेक कीबोर्डवर एकेका हाताचा ठसा हाय. मशीनले हात लावून जो पाया पडते, त्याच्या कपाळाले धूळ लागते. मी माझं कपाळ दाखवते. तुमीबी आपआपलं दाखवा!"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. रझियानं तोंडावर ओढणी धरली. वीस कीबोर्डांची धूळ एकाच कपाळावर, गंधासारखी!

वनकर सर.