दसऱ्याला पुजलेलं गुलाबी पेन

आमच्या बोरीवलीच्या घरात दसऱ्याला पाटावर सगळ्यांची हत्यारं पुजतात: माझी शिवणाची कात्री, नवऱ्याचा लॅपटॉप, दहावीतल्या लेकीची पुस्तकं. यंदा तिच्या सॅकमध्ये आंब्याच्या वासाचं जाडजूड गुलाबी पेन सापडलं. त्यालाही मी हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं.

नमस्काराला वाकलेला नवरा तसाच थांबला. "अगं, हे व्हेप आहे! पोरं यातून निकोटिन ओढतात."

म्हणजे लेकीचा खोकला आणि दोन जिने चढताना लागणारी धाप यामुळे होती! आणि मी क्लासच्या एसीला शिव्या घालत तिला महिनाभर अडुळशाचा काढा पाजत होते.

"आई, नुसता फ्लेवर असतो गं त्यात," ती खोकत खोकत म्हणाली.

व्हेप मी फोडून टाकलं. काढा चालूच ठेवला, फक्त त्यातला गूळ बंद केला.

"घे," म्हटलं, "नुसता फ्लेवर आहे."