सहा मेंढे आणि माझं एक मत

आयर्लंडमधल्या कासलबारच्या हॉस्पिटलात मी भूल देणारी डॉक्टर होते तेव्हाची गोष्ट. नवरा डब्लिनला, सँट्रीतल्या एका ऑफिसात. मी इकडे पश्चिमेला, मेयो परगण्यात, सहा-सहा महिन्यांच्या करारावर. या शुक्रवारी तो येणार की मी जाणार, करार वाढणार की नाही, यातच आठवडा संपायचा. सुट्टीच्या दिवशी मला घरात बसवत नसे. त्यामुळे ऑपरेशन थिएटरमधल्या एका नर्सने "रविवारी दुपारी आमच्या क्लबात येशील? पंच हवाय," असं विचारलं, तेव्हा कशाचा पंच हे न विचारताच मी हो म्हणून टाकलं.

क्लब शिकाऱ्यांचा होता. तिच्या गावासमोर समुद्रात एक बेट आहे. तिथली शेवटची घरं उठली तेव्हा काही मेंढ्या मागे राहिल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या रानटी होत गेल्या. त्यांच्या कानात बिल्ले नाहीत, लोकर कुणी कातरत नाही. माणूस दिसला की कड्याच्या काठाने पळतात. गवत पुरत नाही, हिवाळ्यात उपाशी मरतात, म्हणून जमिनीच्या मालकांनी क्लबला दर शरद ऋतूत सहा मोठे मेंढे मारायची परवानगी दिली होती. आजवर ती सगळ्यांना खुली असे. ज्याच्याकडे लायसन्स आणि बोट, त्याने पहिल्या सकाळी निघायचं. सहा झाले की बंद. पण आदल्या वर्षी खवळलेल्या समुद्रात बोटींची शर्यत लागली, एकीचं इंजिन खडकांजवळ बंद पडलं, आणि घाईगर्दीत आठ मेंढे पडले. नववा जखमी होऊन कुठेतरी गेला. आता काहीजणांना चिठ्ठ्या टाकून सोडत काढायची होती.

"तू शिकार करत नाहीस, मांस खात नाहीस, गावात तुझं कुणी नाही," नर्स म्हणाली. "तुझ्याइतकं तटस्थ कोण मिळणार?"

गावात तुझं कुणी नाही, हे ती अगदी सहज बोलून गेली. मला मात्र ते दिवसभर टोचत राहिलं.

रविवारी क्लबच्या हॉलमध्ये वीसेक माणसं होती. सगळ्यांत आधी नर्सच उठली. "चार वर्षं माझ्याकडे लायसन्स आहे. पहिल्या सकाळी मी एकदाही बेटावर पोचले नाही, कारण मी ड्युटीवर असते. सगळ्यांना खुलं म्हणजे कुणाला? ज्याची बोट धक्क्याला बांधलेली आहे, त्याला!"

मग खिडकीजवळचे एक आजोबा बोलू लागले. ऐंशीच्या घरात असतील. टोपी गुडघ्यावर ठेवली होती.

"मी त्या बेटावर जन्मलो," ते म्हणाले. "हा कळप ज्या मेंढ्यांचा, त्यातल्या काही माझ्या आईच्या होत्या. आणि आता मी डब्यात चिठ्ठी टाकायची? माझं नाव दहा वर्षांनी निघालं, तर तेव्हा मी कुठे असेन?"

"जायला कोण अडवतंय? बंदुकीशिवाय जा," मागून कुणीतरी म्हणालं.

"बंदुकीशिवाय तिथे काय करू? फोटो काढू?"

नर्सचं आणि आजोबांचं, दोघांचंही मला पटत होतं, आणि म्हणूनच खुर्चीत नीट बसता येत नव्हतं. तेवढ्यात सोडतीतल्या चिठ्ठ्या बाहेरचे लोक विकत घेतील अशी शंका निघाली. पंचाने खरं तर गप्प बसायचं. पण माझ्या तोंडून निघालं, "मग चिठ्ठी दुसऱ्याला देता येणार नाही असा नियम करा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

हात वर झाले. मोजले तर दोन्हीकडे सारखेच. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. निर्णायक मत पंचाचं असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

खडकांजवळ बंद पडलेलं ते इंजिन माझ्या डोळ्यांसमोर आलं. "सोडत," मी म्हणाले.

"ग्रँड," म्हणजे ठीक, असं अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी बिस्किटांचा रिकामा डबा पुढे ओढला. पाचवं नाव नर्सचं निघालं. आजोबांचं निघालं नाही. जाताना ते माझ्यापाशी थांबले, "थँक यू, डॉक्टर," म्हणाले. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

सोमवारी नर्स म्हणाली, "माझी चिठ्ठी आजोबांना द्यायचीय."

"देता येत नाही."

"माहितीये. नियम तुझाच आहे."

पुढचे दोन आठवडे मी स्वतःशीच भांडत होते. समितीला पत्र लिहायला घेतलं, फाडलं. एकासाठी नियम मोडला, तर बाकीच्यांनी काय म्हणायचं? शेवटी एका संध्याकाळी गाडी काढली आणि थेट आजोबांच्या दारात उभी राहिले. त्यांनी चहा केला. कशाला आलात, असं विचारलं नाही. मीच म्हणाले, "नर्सला बेटावरच्या वाटा माहीत नाहीत. तुम्ही जाल तिच्याबरोबर?"

"बंदुकीशिवाय?"

"हो."

"म्हणजे हमाल."

"वाटाड्या," मी म्हटलं. ते उठून कप विसळू लागले. त्यांचा अपमान करून आपण निघालो, असं मला घरी पोचेपर्यंत वाटत होतं.

सोडतीत आता प्रत्येकाला वेगळा दिवस मिळाला होता. नर्सचा शनिवारी होता. सकाळी मी धक्क्यावर गेले, तर आजोबा आधीच बोटीत बसलेले. ते गेल्यावर मी धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. नवऱ्याचा फोन आला, "नंतर बोलू," म्हणून ठेवला. वाऱ्यात गोळीचा आवाजही ऐकू येईना. काय झालेलं मला हवं होतं, तेच कळत नव्हतं.

चारच्या सुमारास बोट परतली. ताडपत्रीखालून एक वाकडं शिंग बाहेर आलेलं. नर्सचा चेहरा उतरला होता. आजोबांनी तिला आपल्या आईच्या पडक्या घराच्या भिंतीआड तीन तास बसवलं होतं, तिने सांगितलं. मोठा, देखणा मेंढा समोर आला तेव्हा त्यांनी तिचा हात दाबला आणि मागचा लंगडा म्हातारा मेंढा दाखवला. तो हिवाळा काढणार नव्हता. एका गोळीत तो पडला, आणि तिला रडू फुटलं. ते मात्र सुरी काढून मुकाट्याने कामाला लागले.

मी हात दिला, तेव्हा आजोबा धक्क्यावर चढले.

"पोरीचा नेम चांगला आहे," ते म्हणाले. थोडं पुढे जाऊन वळले. "पण माझं मत अजून तेच आहे, डॉक्टर."

"माझंही," मी म्हणाले. ते खरं नव्हतं.

जुलैत माझी कॉर्कला बदली झाली. पुढच्या वर्षी नर्सचा फोन आला. क्लबने पुन्हा मतदान घेतलं होतं. चार मेंढे सोडतीने, उरलेले दोन, बेटावरून आलेल्या कुटुंबांसाठी खुले.

"मग आजोबा जाणार?" मी विचारलं.

"नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. पण ज्याचं नाव निघतं, तो आधी त्यांच्याकडे जातो. कुठे बसायचं, कुठला मेंढा सोडायचा, ते विचारायला."

"त्यांना आवडतं?"

"कुरकुर करतात," ती म्हणाली. "आणि कागद घेऊन नकाशा काढून देतात."