चपला काढून बसा

सोपानमामांना गाडी दाखवायची तर आधी चपला काढाव्या लागत. हडपसरला त्यांच्या उरलेल्या अर्ध्या एकरात एक चिंच होती आणि चिंचेखाली कुणाची ना कुणाची आजारी गाडी उभी. बाकी सगळा धुरळा! पण मामा स्वतः अनवाणी, आणि मालकालाही गाडीत बसवायचे ते अनवाणीच. "गाडी पायानं कळती," ते म्हणत. "कानाला काय, नुसतं ऐकू येतं." एका निवृत्त कर्नलसाहेबांनी बूट काढायला साफ नकार दिला. मामांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, पेपर दिला आणि आपल्या कामाला लागले. दोन तासांनी साहेब मुकाट्याने बूट काढून, त्यात मोजे कोंबून, गाडीत जाऊन बसले.

काम झालं की चिंचेखाली राहिलेला जोड मामा स्वतः उचलायचे आणि खिडकीतून आत द्यायचे. मी पहिल्यांदा ओशाळलेच. "अहो मामा, चपला कशाला उचलता?"

"न्हाय दिल्या तर इसरून जाल," ते म्हणाले. "गाडी नीट झाली की मानसाला पायाची सुद ऱ्हात न्हाय."

त्यांची नि माझी गाठ पडली ती बाबांच्या गाडीमुळे. मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून बाबांनी ती घेतलेली. लालभडक, कापडी छपराची, दोघांपुरतीच. बाबांच्या मागे ती माझ्याकडे, म्हणजे कोथरूडच्या आमच्या सोसायटीत आली. आमचे हे पाहुण्यांना सांगत, "सासऱ्यांनी मला दोन गोष्टी दिल्या. त्यातली एक निदान चालते तरी." पाहुणे हसले, की मी पोह्यांची दुसरी खेप आणतच नसे.

एका दिवाळीनंतर त्या गाडीने नवीनच सूर लावला. गिअर टाकला की खर्रर्र! पहिल्याला खर्रर्र, रिव्हर्सला तर विचारूच नका. तळमजल्यावरच्या काकू खिडकीतून विचारायच्या, "किती किलो दळलंत आज?" दोन मेकॅनिक झाले. दोघांचं एकच म्हणणं: गिअरचे दात गेलेत, आख्खा गिअरबॉक्स उघडावा लागेल, सामान परदेशातून आणावं लागेल, तेही मिळालं तर. ह्यांनी लगेच मुंबईचं एक गिऱ्हाईक गाठलं. "रविवारी दहाला येतायत. तोवर गिअर आवाज न करता पडले, तर गाडी राहील. नाही तर जाईल. मी शब्दाचा पक्का आहे."

तेवढं मात्र खरं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन चक्क रडले. त्याच गाडीत बाबांनी मला गाडी शिकवली होती. ती गेली असती तर बाबा दुसऱ्यांदा गेले असते. ऑफिसात कुणीतरी सोपानमामांचं नाव सांगितलं होतं; शुक्रवारी रजा टाकली आणि दळण दळत हडपसर गाठलं.

मामांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. मला स्टिअरिंगवर बसवलं, अर्थात चपला बाहेर. "ताई, इंजान बंद करा. आता एकेक गिअर टाका." टाकले. सगळे लोण्यासारखे पडले! "आता चालू करा. क्लच दाबा, पाच आकडे मोजा आन् मग रिव्हर्स टाका." पाच मोजले. खर्रर्र!

"दात धडधाकट हायेत," मामा म्हणाले. "इंजान बंद तर गप, चालू केलं की बोंब. म्हंजी क्लच इंजानाला सोडतच न्हाय. डोकं दुखतंय म्हनून दात उपटाया निघालं व्हते लोक!"

मग ते स्वतः बसले. अनवाणी पाय क्लचवर ठेवला, डोळे मिटले आणि पाय हळूहळू खाली दाबत गेले. मध्येच थांबून त्यांनी डोळे उघडले. "ताई, हितं खाली काय काय अंथरलंय?"

मी अभिमानाने पाढा वाचला. तळाला बाबांच्या वेळचं मूळचं कार्पेट. ते मळू नये म्हणून वर प्लॅस्टिक. प्लॅस्टिक फाटू नये म्हणून त्यावर रेक्झिन. आणि रेक्झिनला चरे पडू नयेत म्हणून, दिवाळीत, आईच्या नऊवारीची मी स्वतः शिवलेली छोटी जाड गोधडी. काय करणार? आमच्याकडे सोफ्याच्या कव्हरलाही कव्हर असतं.

मामा इतके हसले, इतके हसले, की त्यांचं कपाळ हॉर्नवर आपटलं आणि मामी हातात उलथनं घेऊन पळत बाहेर आल्या. "आवो, क्लच जाईल कुठं? गोधडीवर जाऊन निजतोय त्यो! पुरता दाबलाच न्हाय तर सोडंल कसा? आधी सोडावं लागतं ताई, मंग बदलता येतं."

गोधडी काढली. रिव्हर्स टाकला. चिडीचूप! मी आनंदाने चिंचेला तीन प्रदक्षिणा घातल्या, गाडीसकट, त्यातली एक उलटी.

"पण ह्यांना काय सांगू?"

"सांगा, तिला पांघरून जास्त झालं व्हतं," चपला खिडकीतून देत मामा म्हणाले. "उकडत व्हतं."

रविवारी दहाच्या ठोक्याला गिऱ्हाईक हजर. पाहुण्यांसमोर बरं दिसावं म्हणून मी सँडल घालून ऐटीत बसले, शेजारी हे. पहिला गिअर टाकला.

खर्रर्र!

काकूंची खिडकी उघडली. गिऱ्हाईक गालात हसलं आणि ह्यांनी घड्याळ पाहिलं. मला मामा आठवले. झटकन सँडल भिरकावल्या, पाय खाली टेकवला, तर तळव्याला उबदार, मऊ!

"ही गोधडी परत कोणी घातली?" मी ओरडले.

"मी," हे शांतपणे म्हणाले. "डिकीत लोळत होती. कार्पेट मळलं असतं."

मी गोधडी ओढून ह्यांच्या मांडीवर आदळली. पुन्हा गिअर टाकला. हूं नाही की चूं नाही. छप्पर उघडं टाकून चांदणी चौकाचा चढ चढलो, पहिला, दुसरा, तिसरा, आणि मी वेड्यासारखी हसत होते. हे गोधडी पोटाशी धरून बसले होते. परतल्यावर गिऱ्हाईक म्हणालं, "गाडी छानच आहे. मग ठरवायचं?"

"गाडी विकायची नाही," हे म्हणाले. "गोधडी हवी असेल तर बोला."

पुढे वर्षानुवर्षं काही बिघडलेलं नसलं तरी मी गाडी घेऊन हडपसरला जात राहिले. "अगं, च्या टाक! पांघरूनवाल्या ताई आल्या," अशी मामांनी मामींना मारलेली हाक ऐकली की दिवस चांगला जाई. आजूबाजूला इमारती उठल्या, पण चिंच राहिली आणि चपलांचा नियमही राहिला.

मामा गेले, तेव्हा तेराव्याला आम्ही दोघं त्याच गाडीतून गेलो. चिंचेखाली मामांनी बऱ्या केलेल्या सगळ्या गाड्या दाटीवाटीने उभ्या होत्या. मामींनी आग्रहाने लाडू वाढले, मामांचे किस्से सांगितले, हसता हसता रडल्या. आम्हीही रडलो. मग जड मनाने निघालो, सवयीने चपला काढून गाडीत बसलो.

कोथरूडला उतरल्यावर पायांना फरशी गार लागली आणि माझ्या लक्षात आलं. मी मामींना फोन केला. "मामी, आमच्या चपला तिथेच राहिल्या हो."

"तुमच्याच कुठं ताई," मामी म्हणाल्या. "चिंचंखाली निस्त्या चपलाच चपला हायेत. कर्नलसाहेबाचं बूट बी हायेत. मोज्यासकट."